मोर्चाच्या बांगड्या

आमच्या गावच्या मसणवट्याकडे जाणारा रस्ता आता सिमेंटचा आहे. शाळेकडे जाणारा अजून मुरमाचाच, आणि दवाखान्याकडे जाणारा नाहीच, कारण दवाखानाच नाही. पण मेल्यावर माणूस धक्का न लागता जातो, याचा गावाला केवढा अभिमान. परवा भिंगारहून आईला घेऊन गेले, तेव्हा रिक्षावाल्याने आधी तोच रस्ता दाखवला. "गावानं मोर्चा काढून मिळवलाय, ताई," म्हणाला. त्या मोर्चाच्या वेळी त्याचा जन्मही झालेला नसणार. आई माझ्या शेजारी बसली होती. तिने रस्त्याकडे पाहिलंच नाही, ती वेशीतल्या दगडाकडे बघत होती.

तो दगड अजून तिथेच आहे, मारुतीच्या पाराला लागून. आता त्याला पांढरा ऑइलपेंट दिलाय आणि मागे पाटी लावलीय: आमच्या गावात विधवा प्रथा बंद आहे. रंगाचा वास अजून ओला होता. त्या पांढऱ्या रंगाखाली काय आहे ते आईला माहीत आहे आणि मला. बाकीचे विसरलेत, किंवा मेलेत.

लहानपण मला वासांतूनच आठवतं. दसरा झाला की निम्म्याहून जास्त गाव कोयते बांधून ऊसतोडीला जायचं आणि मागे धुळीचा, शेळ्यांचा आणि बंद घरांचा वास उरायचा. माणसं परत यायची चैत्राच्या तोंडाला. त्यांच्या गोधड्यांना, पोरांच्या केसांनासुद्धा जळक्या पाचटाचा गोडसर वास असायचा. लग्नं, जत्रा, वाटण्या, भांडणं, सगळं त्या उन्हाळ्यात उरकून घ्यायचं. मोर्चाही उन्हाळ्यातच. हिवाळ्यात मोर्चा काढायला गावात पायच नसायचे.

माझे वडील एका वर्षी मधेच परत आले. कोल्हारच्या बाजूच्या फडावरून, टेम्पोतून, घोंगडीत गुंडाळलेले. काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. टेम्पोच्या फळीवर सांडलेल्या रसाचा आंबूस वास तेवढा आठवतो, आणि आईच्या हातातल्या बांगड्या फोडल्याचा आवाज. कुणी फोडल्या ते तिला आजही सांगता येत नाही, कारण ती शुद्धीवर नव्हती. सवाष्णीची बांगडी फुटली तरी आमच्याकडे 'वाढली' म्हणतात. विधवेची मात्र फोडतात, आणि 'फोडली' असंच म्हणतात.

तिरडी निघाली आणि ओढ्यापलीकडच्या बांधावर अडली. मसणवट्याची जुनी वाट एका मोठ्या शेतकऱ्याच्या रानातून जायची आणि त्याने नुकतंच काटेरी कुंपण घातलं होतं. तो म्हणाला, आधी कागद आणा. वडील दुपारभर त्या बांधावर उन्हात होते. शेवटी ओढ्याच्या कोरड्या वाळूतच त्यांना अग्नी दिला. बायका वेशीपर्यंतच जायच्या, त्यामुळे आईने यातलं काही पाहिलं नाही. तिने ते फक्त ऐकलं, आणि मग रोज ऐकत राहिली.

पुढे आणखी तिरड्या अडल्या. अर्ज झाले, निवेदनं झाली. मग एका उन्हाळ्यात, माणसं फडावरून परतल्यावर, विठ्ठलाच्या देवळात भर दुपारी बैठक बसली. सरपंच होते नाना. त्यांनी सांगितलं, आता तालुक्याच्या कचेरीवर तिरडी मोर्चा काढायचा. तहसीलदार साहेबाचा पुतळा करायचा, तिरडीवर घालायचा, वाजतगाजत न्यायचा आणि कचेरीच्या दारात अग्नी द्यायचा. माणसांनी माना डोलावल्या. तेव्हा बुवा बोलले. बुवा आमचे भजनी मंडळाचे म्होरके, गावात कुणाचं दहावं-तेरावं त्यांच्याशिवाय होत नसे.

"खोटं खोटं केलं तर सरकारला बी खोटंच वाटंल," ते म्हणाले. "तिरडी बांधायची तर रीतसर. मडकं, गवऱ्या, खांदेकरी, इसावा. आन् रडायला बायकू. कचेरीच्या दारात तिच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. मंग बघा कसं सरकार हालतं."

पुतळ्याला खांदा द्यायला माणसांची चढाओढ लागली. मडकं धरायलाही एकजण तयार झाला. साहेबाची बायको व्हायला मात्र एक बाई तयार होईना. नानांच्या बायकोने, चंद्रकलाकाकीने, तर बसल्या जागेवर पदर खोचला.

"भरल्या हातानं बांगड्या फोडून घ्याव्या व्हय आमी? आमच्या मालकांनी काय घोडं मारलंय?" मग तिने दाराकडे बोट केलं. "सुबद्रीला घ्या. तिचं काय जायचंय आता? जायचं ते गेलंय."

सुभद्रा म्हणजे माझी आई. विधवांनी पायरीवर बसायचं, म्हणून ती पायरीवर होती, आणि मी तिच्या कुशीत.

बुवा विचारात पडले. "पर तिच्या हातात बांगड्याच न्हाईत. फोडायचं काय?"

"भरू की सकाळच्याला," काकी म्हणाली. "दुपारी फोडू."

एवढं सोपं होतं ते. देवळात कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, विठ्ठलालाही नाही. नाना उठून पायरीशी आले. "सुबद्रा, तुझ्या मालकाची तिरडी दुपारभर बांधावर हुती. इसरलीस व्हय?"

"न्हाई इसरले," आई म्हणाली. ती थोडा वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. "भरा बांगड्या."

कितीतरी वर्षं मी समजत होते की ती वडिलांसाठी तयार झाली. तसं होतंही. पण आता, तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे आल्यावर, मला वाटतं की तिला बांगड्याही भरायच्या होत्या. तिला तेव्हा तिशीही लागली नव्हती. हिरव्या काचेचा मोह त्या वयात काही पाप नाही.

मोर्चाच्या सकाळी रशीदाचाची आली. आसपासच्या गावांत बांगड्यांची टोपली घेऊन फिरणारी मण्यारीण. तिने आईच्या हाताला साबणाचा फेस लावला, बोटं एकत्र दाबली. आईचा हात कामाने रुंद झाला होता. "सैल सोड बेटी, लाकूड नको करू," चाची म्हणत होती आणि एकेक बांगडी सांध्यावरून पुढे सरकवत होती. साबणाचा तो वास आजही कुठे आला की मला हिरवा रंग दिसतो. भरून झाल्यावर चाचीने सवयीने एक बांगडी जास्तीची उचलली, तिची रीत होती ती, आशीर्वादाची बांगडी.

"जास्तीची नको," काकी म्हणाली. "फोडायच्याच हायेत."

चाचीने ती परत टोपलीत ठेवली. आईने रीतीप्रमाणे वाकून तिला नमस्कार केला. चाचीने डोक्यावर हात ठेवला खरा, पण सवाष्णीला द्यायचा तो आशीर्वाद देता येईना. "खूश रह," एवढंच म्हणाली आणि टोपली उचलून निघून गेली.

मग कुंकवाचा प्रश्न आला. कुणी म्हणालं टिकली लावा. बुवांनी हात हलवला. टिकली पुसता येत नाही आणि लांबून दिसतही नाही, कुंकूच पाहिजे आणि मोठं पाहिजे. पण आपल्या करंड्यातलं कुंकू द्यायला कुणी बाई राजी नव्हती. दुकानातून नवी पुडी आणली. काकीने ते कुंकू आईला लावलं, बोटाने नाही, आगकाडीने.

आमच्या घरातला आरसा वडील गेल्यावर काकीच घेऊन गेली होती, तुला आता कशाला म्हणून. त्यामुळे आईने पाण्याच्या हंड्यात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून मला विचारलं, "चांगलं दिसतंय का गं?"

"लई," मी म्हणाले. माझी आई एवढी देखणी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मला ती परक्या घरची बाई वाटत होती आणि तिचा हात सोडवत नव्हता.

तिरडी निघाली. हलगी, टाळ, मृदंग. पुतळा कडब्याचा, अंगात नानांची जुनी सफारी, तोंडाच्या जागी मडक्यावर काढलेले डोळे. नव्या सुतळीचा वास, गुलालाचा वास, तापलेल्या डांबराचा वास. या तिरडीला वेशीची मर्यादा नव्हती, उलट बायांना पुढेच घातलं होतं, कारण बायांना पोलीस हात लावत नाहीत, असं नानांचं म्हणणं. वाटेत विसावाही झाला, तिरडी खाली ठेवून खांदेकरी बदलले, पुतळ्याच्या तोंडात पाणी सोडलं. आईने तिरडीमागे आक्रोश करत चालायचं होतं. ती चालत होती, पण चालताना हात जरा जास्तच हलवत होती. बांगड्या वाजत होत्या.

"रड की गं," बुवा मागे वळून म्हणाले.

तिने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडते आहे. मी खालून बघत होते, मला दिसलं. तिरडीमागे हसणारी बाई मी आयुष्यात एकदाच पाहिली, ती माझी आई.

कचेरीपुढे कडुनिंब फुलला होता. त्याचा पांढरा चुरा तिरडीवर, माणसांच्या टोप्यांवर पडत होता. नाना आणि बुवा बोलणी करायला आत गेले. बांगड्या फोडायच्या ते दोघे बाहेर आल्यावर, साहेबासमोर. ऊन कलायला लागलं तरी कुणी बाहेर येईना. बाया सार्वजनिक नळावर पाणी प्यायला गेल्या. आई आणि मी तिरडीजवळ राखणीला बसलो.

कचेरीसमोर रस्त्यापलीकडे देवीचं लहानसं देऊळ होतं. मंगळवार होता. तिथून एक बाई लगबगीने आली, नऊवारीतली, घामाघूम, कपाळाला मळवट. तिने तिरडीकडे पाहिलंही नाही, मोर्चेच ते, कचेरीपुढे रोजचेच. ती आईला म्हणाली, "वैनी, माझं उद्यापन हाय. पाच सवाष्नी जेवू घालायच्यात. येक यायची ती आलीच न्हाई. चला की, देवीनंच धाडलंय तुमाला."

आईने नळाकडे पाहिलं. बाया पाठमोऱ्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि त्या बाईच्या मागे चालू लागली. मीही गेले.

देवळात कापराचा, ओल्या हळदीचा आणि तुपाचा वास होता. आईला पाटावर बसवलं. त्या बाईने आईचे पाय धुतले. हळद लावली, कुंकू लावलं, बोटाने, ठसठशीत, काकीच्या काडीच्या ठिपक्यावरच. ओटीत तांदूळ, खण, नारळ घातला. मग ती वाकली आणि तिने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मला वाटलं, आता आई सांगेल. आईने पाय मागे घेतले नाहीत. तिने त्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि चाचीला सकाळी जे म्हणता आलं नव्हतं ते म्हणाली, "अखंड सौभाग्यवती हो." तिचा आवाज स्वच्छ होता. पुरणपोळीचा पहिला घास तिने मला भरवला.

आम्ही परत आलो तोवर जिंकलो होतो. साहेब बाहेर आले होते. तरुण, नुकतेच बदलून आलेले. आपलीच तिरडी बघून त्यांनी हात जोडले, हसले, आणि वाट खुली करून द्यायचा हुकूम काढल्याचं जाहीर केलं. जयघोष झाला. बुवा म्हणाले, आता अग्नी देऊन विधी पुरा करू. एवढ्यात मागच्या निवासातून शिपाई धावत आला. साहेबांच्या बाई रडत होत्या. त्यांचा निरोप होता: रस्ता घ्या, पण माझ्या कुंकवाशी असं खेळू नका.

सगळ्या बाया विरघळल्या. काकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "खरं हाय बया," ती म्हणाली. "कुनाचं बी असलं तरी कुंकूच ते."

बुवांनी लगेच शास्त्र काढलं. पेटवलेली तिरडी परत येत नाही, न पेटवलेली सोडता येते. सुतळ्या सोडल्या, सफारी घडी करून नानांच्या पिशवीत गेली, कडबा तिथेच उभ्या असलेल्या एका बैलजोडीपुढे टाकला. बैल साहेबाला खात होते आणि साहेब चहा पाजत होते. आईच्या बांगड्यांचा विषयच निघाला नाही.

येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गुलालच गुलाल होता. टाळ चालू होते. आई एका कोपऱ्यात बसली होती, ओटी पदराखाली, एक हात दुसऱ्या मनगटावर. ती बांगड्या एकेक करून फिरवत होती. मला वाटलं, आता आमचं असंच राहणार. मी तेवढी लहान होते.

वेशीत ट्रॉली थांबली. माणसं उतरली. काकी आईच्या आडवी उभी राहिली.

"थांबा. हिला अशीच घरात न्यायची व्हय?"

आई म्हणाली, "सायबाची तिरडी सोडली ना, आक्का. मंग मपल्या बांगड्या कामून फोडायच्या?"

"सायबीन सवाष्न हाय. तू कोन हायेस?"

आई तेव्हा जे बोलली ते मला अजून झोपेत ऐकू येतं. ती भांडली नाही. दुकानात भाव करावा तशा हळू आवाजात म्हणाली, "आजचा दिस ऱ्हाऊ द्या. दिवेलागनीला मीच काढीन. साबन लावून काढीन. फोडू नका."

काकीने तिचा पदर ओढला आणि ओटी खाली सांडली. तांदूळ, खण, नारळ. आधी कुणाला उमजेना. मग एकीने कपाळावरचं ते ठसठशीत कुंकू नीट पाहिलं आणि सगळ्यांना उमजलं.

"देवीची ओटी घेतली हिनं," काकी म्हणाली. "रांडमुंड बाईनं सवाष्नीच्या पाटावर बसून ओटी घेतली. गाव बुडवतीस व्हय गं?"

आईने बुवांकडे पाहिलं. ज्या बुवांनी दुपारी साहेबासाठी शास्त्र वाकवलं होतं, ते आता ताठ झाले. "अर्धवट इधी अंगाशी येतो," ते म्हणाले. "गावाला बाधा नको. उरकून टाका." नाना पाराच्या टाकीवर तोंडावरचा गुलाल धूत होते. त्यांनी ते धुणं बराच वेळ चालू ठेवलं.

दोघींनी आईला धरलं. हात त्या दगडावर ठेवला, आणि काकीने दुसऱ्या दगडाने फोडल्या. आवाज तोच होता. पहिल्या वेळी आई शुद्धीवर नव्हती, या वेळी ती पूर्ण शुद्धीत होती आणि प्रत्येक बांगडीकडे बघत होती. दगडावर हिरवी काच, गुलाल आणि रक्त एकत्र झालं. मग काकीने आईचाच पदर घेऊन तिचं कपाळ पुसलं आणि टाकीवर जाऊन हात धुतले.

देवीचा नारळ वाया कशाला घालवायचा म्हणून तो मारुतीपुढे फोडला आणि विजयाचा प्रसाद म्हणून वाटला. माझ्याही हातावर तुकडा ठेवला. गोड होता.

रस्ता झाला. आधी मुरूम, मग खडी, मग सिमेंट. दर वर्षी त्या मोर्चाच्या दिवशी देवळात भजन व्हायचं आणि बुवा पोराबाळांना सांगायचे, गावाची एकी अशी असते. साहेबांच्या बाईंच्या निरोपाची गोष्ट तर ते रंगवून सांगत, आणि बाया डोळे पुसत. त्या गोष्टीत माझी आई नसायची. माझं लग्न भिंगारला झालं तेव्हा हळद लावायच्या वेळी आई स्वतःच उठून मागच्या खोलीत गेली, तिला कुणी सांगावं लागलं नाही. पुढे मी तिला माझ्याकडे घेऊन आले.

गेल्या वर्षी नाना गेले. सिमेंटच्या रस्त्यावरून गेले, एकही धक्का न लागता. पुढच्याच ग्रामसभेत ठराव आला, विधवा प्रथा बंद. काकीच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत. चांगलं झालं. मी हे दातओठ खाऊन म्हणते आहे, पण चांगलंच झालं, कुणाच्याही फोडू नयेत. ठराव आणणारी सरपंच म्हणजे काकीची सून, शिकलेली, मनाने चांगली पोर. तिनेच मला फोन केला होता, "सुभद्राकाकूंना घेऊन या, ताई. विधवांचं हळदीकुंकू ठेवलंय वेशीत. पहिला मान त्यांचा." तिला काहीच माहीत नव्हतं. मी आईला विचारलं, येतेस का. ती म्हणाली, "जाऊन येऊ."

मांडव घातला होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, माईक, मोबाईल उंच धरलेल्या पोरी. ओल्या रंगाचा वास आणि त्यात हळदीचा. आईला पांढऱ्या दगडाच्या शेजारच्याच खुर्चीवर बसवलं. काकी आली. थकलीय ती, पाय ओढत चालते. कपाळाला कुंकू, हातभर बांगड्या, आणि हातात स्टीलचं ताट. ताटात कुंकू आणि हिरव्या बांगड्या. सुनेने माईक दोघींच्या मधे धरला.

"सुबद्रा, हात दे माय," काकी म्हणाली. तिने कुंकू घेतलं, या वेळी बोटावर.

आईने हात मांडीवरून हलवला नाही. मनगटावरचा पांढरा व्रण उन्हात दिसत होता. तिने ताटाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मग काकीकडे. आवाज चढवला नाही. चौकशी करावी तसं विचारलं आणि ते माईकमधून अख्ख्या वेशीला ऐकू गेलं.

"आज कुनावर मोर्चा हाय, आक्का?"

काकीने बोटावरचं कुंकू स्वतःच्याच पदराला पुसलं.